पश्चिमेकडे कललेला कातळ

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडून बेलापूरकडे जाताना डाव्या हाताला डोंगरांची एक रांग सतत सोबत असते. मुंब्र्यापासून निघून बेलापूरपर्यंत पोहोचणारी ही पारसिकची रांग. तुर्भे, पावणे, शिरवणे या भागात दगडखाणींनी तिच्या कडा जागोजागी तासल्या आहेत. खाणीच्या ज्या भिंतीचे तोंड पश्चिमेला आहे, तिच्यात कातळाचे थर आडवे, सरळ भासतात. पण त्याच खाणीत उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत सापडली, तर तिथे थांबून नीट बघावे. तिथे थर आडवे नाहीत. ते पूर्वेकडे वर चढलेले आणि पश्चिमेकडे, ठाण्याच्या खाडीच्या दिशेने, खाली झुकलेले दिसतात. डोंगरच्या डोंगर समुद्राकडे कललेला आहे.

आता पनवेलच्या पूर्वेला बघा. पंधरा-वीस किलोमीटरवर माथेरानचे पठार आहे, उंची सुमारे ८०० मीटर. त्याच्या कड्यांवरही थर दिसतात, पण ते पट्टीने आखल्यासारखे सपाट. कडा कितीही तुटलेला असो, थर एका पातळीत चालत राहतात. माथेरानचा दगड आणि पारसिकचा दगड एकाच कुळातले, एकाच महाप्रचंड घटनेतून जन्मलेले. मग पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतरात असे काय झाले की एका ठिकाणी थर जसेच्या तसे राहिले आणि दुसऱ्या ठिकाणी कलंडले? नवी मुंबईच्या पायाखालचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. तो केवळ एका शहराचाही नाही. भारताचा पश्चिम किनारा इथे का आहे, याचे उत्तर त्यातून मिळते.

सुरुवात लाव्हापासून करावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसोरांच्या अखेरच्या काळात, भारताच्या पश्चिम आणि मध्य भागात जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराच्या एखाद्या ज्वालामुखीने केलेले हे काम नव्हे. पुरासारखा पसरणारा लाव्हा, त्यावर पुन्हा लाव्हा, मध्ये काही काळ शांतता, पुन्हा लाव्हा, असे ते चालू राहिले. यातला बराच मोठा भाग भूशास्त्राच्या मानाने अगदी थोड्या काळात, सुमारे दहा लाख वर्षांत, ओतला गेला. आज उरलेले हे दख्खनचे कातळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. मूळचा विस्तार याहून बराच मोठा होता, कारण काही भाग झिजून गेला आणि काही आज अरबी समुद्राच्या तळाखाली आहे.

यातला एक थर जवळून बघितला की पुढचे समजायला सोपे जाते. थराचा मधला भाग घट्ट, काळा, जड असतो. हातोडा मारला की खणखणीत आवाज येतो आणि दगड धारदार फुटतो. खडीसाठी क्रशरवाले याच्याच मागे असतात. वर जावे तसा दगड बदलतो. थिजणाऱ्या लाव्हातून वर येणारे वायूचे बुडबुडे तिथेच अडकले, त्यामुळे वरचा भाग भोकाभोकांचा होतो. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून पांढरे झिओलाइट, कॅल्साइट, कधी हिरवट खनिजे साठली. त्याच्याही वर, पुढचा लाव्हा येण्याआधी बराच काळ गेला असेल, तर वीतभर ते काही मीटर जाडीचा विटकरी-तांबडा पट्टा मिळतो. हा जुन्या पृष्ठभागाचा कुजलेला, मातीसारखा झालेला भाग. नखाने उकरता येतो, ओला झाला की निसरडा होतो. हा तांबडा पट्टा लक्षात ठेवायला हवा. थर झुकला आहे की नाही हे तोच सर्वांत स्पष्ट सांगतो. शिवाय पावसाळ्यात घात करतो तोही तोच.

लाव्हा पातळ होता, तो साधारण सपाट पसरला. म्हणजे पारसिकमधले थरही मुळात जवळजवळ आडवेच होते, आजचा कल त्यांना नंतर मिळाला. हा कललेला पट्टा फक्त पारसिकपुरता नाही. तो किनाऱ्याला समांतर, साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय असा सुमारे १५० किलोमीटर जातो. भूशास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात, म्हणजे पनवेलचा बाक. या पट्ट्याच्या पूर्वेला थर सपाट. पट्ट्यात शिरले की उतार वाढत जातो आणि काही ठिकाणी ५० अंशांच्या घरात पोहोचतो. पुढे पश्चिमेला मुंबईच्या बेटांवर तो पुन्हा सौम्य होऊन १०-१५ अंशांवर येतो, पण दिशा तीच, समुद्राकडे.

हा उतार केवढा, याचा अंदाज पारसिकच्या रेल्वे बोगद्यावरून घेता येतो. १९१६ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. थर आडवे असते तर गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एखाद-दुसऱ्या थरातूनच गेली असती. आता धरून चला की थर ३० अंशांनी कललेले आहेत आणि बोगदा त्यांना बरोबर आडवा छेदतो. मग १३०० मीटरच्या प्रवासात गाडी ६५० मीटर जाडीचे थर ओलांडते. जो इतिहास माथेरानला कडा उतरून बघावा लागेल, तो इथे बसल्या जागेवरून मिनिट-दीड मिनिटात मागे पडतो, अर्थात अंधारात.

पनवेलच्या या बाकाला जगाच्या भूशास्त्रात जागा मिळवून देणारा लेख १९४९ चा, जॉन बिकनेल ऑडेन यांचा. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात होते, कवी डब्ल्यू. एच. ऑडेन हे त्यांचे धाकटे बंधू. पश्चिम भारतातल्या डाईकांवरच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवरच्या, लेखात त्यांनी या बाकाची चर्चा केली आणि पनवेलचे नाव त्याला चिकटले. त्याआधी अकरा वर्षे, १९३८ मध्ये, लॉरेन्स वेजर आणि विल्यम डीअर या दोघांनी उत्तरेकडच्या एका दूरच्या किनाऱ्यावर, पूर्व ग्रीनलंडमध्ये, असाच प्रकार नोंदवला होता. तिथेही लाव्हाचे जाड थर, किनाऱ्याजवळ आल्यावर समुद्राकडे वाकलेले, आणि त्या वाकलेल्या पट्ट्यातच डाईकांची दाटी. हिमनद्यांनी तासलेला तो खडबडीत, ओसाड किनारा आणि आपला दमट, खाजणाचा, माणसांनी गजबजलेला किनारा यांच्यात वरवर काहीच सारखे नाही. कातळाची ठेवण मात्र एकच. ही योगायोगाची गोष्ट नव्हे. दोन्हीकडे खंड फाटला आणि मधे नवा समुद्र तयार झाला. ग्रीनलंडच्या बाबतीत समोरचा तुकडा म्हणजे युरोप.

आपल्या बाबतीत समोरचा तुकडा सेशेल्स.

लाव्हा वाहत होता तेव्हा मुंबईच्या पश्चिमेला आजचा किनारा नव्हता, तिकडेही जमीन होती. सेशेल्सची बेटे भारताला जोडलेली होती. त्यांचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा, म्हणजे महासागराच्या मधोमध असूनही ती बेटे खंडाचा तुटलेला तुकडा आहेत. साधारण ६ कोटी ३०-४० लाख वर्षांपूर्वी हा तुकडा सुटला, मधे समुद्रतळ तयार होऊ लागला, भारत ईशान्येकडे निघाला. तुटताना कवच आधी ताणले गेले. ताणले की भेगा पडतात, तुकडे खाली बसतात, तिरपे होतात. पारसिकचा कल ही त्या ताणाची खूण आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते. आपल्या खिडकीतून दिसणारा डोंगर हा फाटलेल्या खंडाचा काठ आहे.

वाकणे म्हणजे नक्की काय झाले, यावर मात्र अभ्यासकांत बराच खल झाला. साधे चित्र असे होते की समुद्राकडची बाजू खाली बसली आणि लाव्हाचे थर तुळईसारखे तिकडे झुकले. १९९० च्या दशकात हे चित्र बदलू लागले. १९९८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी मांडले की हा बाक जमिनीखालच्या वक्र प्रस्तरभंगांमुळे, म्हणजे खोल जाताना सपाट होत जाणाऱ्या भेगांमुळे, घडला असावा. भेगा पूर्वेकडे उतरतात आणि त्यांच्यावरचे ठोकळे घसरताना मागे, म्हणजे पश्चिमेकडे, कलतात. फळीवर उभी पुस्तके एका बाजूला रेलली की काय होते ते आठवा. प्रत्येक पुस्तक शेजारच्यावर घसरते. पुठ्ठे एका दिशेला उतरतात आणि पुस्तकांच्या वरच्या कडा बरोबर उलट दिशेला. पुठ्ठे म्हणजे प्रस्तरभंग, वरच्या कडा म्हणजे लाव्हाचे थर. भेगा जमिनीकडे उतरतात, थर समुद्राकडे.

हे मत खरे की खोटे हे ठरवायला त्या भेगा प्रत्यक्ष दिसायला हव्यात, आणि इथेच अडचण होती. बहुतेक ठिकाणी त्या खाडीच्या गाळाखाली, खारफुटीखाली किंवा इमारतींखाली दडलेल्या आहेत. पुरावा मिळाला तो वर्षाला लाखो लोक जिथे होडीने जातात त्या घारापुरीवर. सहाव्या शतकातली लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा, तरी बेटाच्या कातळाकडे फारसे कुणी बघितले नव्हते. २०१७ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे हृषीकेश समंत, हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी बेटावरच्या प्रस्तरभंगांच्या एका पट्ट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन मोठ्या भेगा, दोन्ही पूर्व-आग्नेयेकडे तीव्र उतरणाऱ्या, आणि दोन्हींच्या पूर्वेकडची बाजू खाली सरकलेली. कललेल्या पुस्तकांच्या चित्रात जशा हव्यात अगदी तशा.

अशा भेगेची पृष्ठभागावर आलेली बाजू बघण्यासारखी असते. दोन प्रचंड ठोकळे एकमेकांवर घासले गेल्यामुळे तिथला दगड गुळगुळीत, काहीसा चकाकता झालेला असतो आणि त्यावर समांतर बारीक रेघा-खोबणी उमटलेल्या असतात. त्यांवरून बोट फिरवले की ठोकळा कुठल्या रेषेत सरकला ते कळते. घारापुरीवर या रेघा सरळ उताराने खाली जात नाहीत, त्या तिरप्या आहेत. याचा अर्थ ठोकळा नुसता खाली बसला नाही, तो बाजूलाही सरकला. अलिबाग-उरणचा भंगपट्टा, न्हावा-शेव्याचा भंग, बेलपाड्याचा भंग आणि हा घारापुरीचा, यांची एकत्र संगती लावल्यावर उरणपासून पनवेलपर्यंतचा मुलूख पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला आहे असे चित्र तयार होते. उरणजवळ तर ठोकळे जागच्या जागी फिरल्याच्याही खुणा आहेत. ज्याला आपण बाक म्हणत आलो तो बारकाईने बघितल्यावर अनेक तुटींचा एकत्रित परिणाम ठरतो. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटते, कारण ते प्रत्यक्ष दगडावर मोजलेल्या रेघांवर उभे आहे.

हे घडले कधी, याचे उत्तर डाईक देतात. डाईक म्हणजे आधीच्या कातळातल्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत. उरण, अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्या चांगल्या दिसतात. आजूबाजूचा दगड झिजला तरी भिंत वर डोकावत राहते. जवळ जाऊन बघितले तर कडेचा दगड अगदी बारीक पोताचा, जवळजवळ काचेसारखा, कारण थंड कातळाला टेकल्यावर तो झटकन थिजला. मध्यभागी पोत भरड, कारण तिथे थंड व्हायला वेळ मिळाला. काही डाईक लाव्हाच्या थरांबरोबर कललेले आहेत, म्हणजे ते कल येण्याआधीचे. काही ताठ उभे राहून कललेल्या थरांना छेदतात, म्हणजे नंतरचे. दोन्हींचे वय काढले की मधला काळ हाती लागतो. पीटर हूपर, माइक विडोसन आणि सायमन केली यांनी २०१० मध्ये नेमके हेच केले. या डाईकांची वये साधारण ६ कोटी ५६ लाख ते ६ कोटी ४० लाख वर्षांच्या दरम्यान येतात. म्हणजे मुख्य लाव्हा ओतला गेल्यावर फार उशीर न होता किनारा ताणला जाऊ लागला. मुंबईत त्यानंतरही ज्वालामुखी शांत झाले नव्हते. मुंबईचे काही कातळ जेमतेम सव्वासहा कोटी वर्षांचे आहेत.

आता खाली, शहराकडे येऊ. नवी मुंबई म्हणजे भराव टाकून केलेली जागा, असे सर्रास बोलले जाते. वरच्या थरापुरते ते बरेचसे खरे आहे. पण वाशी, नेरूळ किंवा उलव्यात इमारतीच्या पायासाठी बोअर घेतले की काय निघते ते बघावे. वर भरावाचा मुरूम. त्याखाली खाडीचा काळा-करडा, मऊ, शिंपल्यांचे तुकडे असलेला चिखल, कुठे दोन-तीन मीटर, कुठे दहा मीटरहून जास्त. त्याखाली कुजलेला पिवळट कातळ, आणि मग घट्ट काळा दगड. दगडातून यंत्राने काढलेल्या दंडगोल कांड्या लाकडी पेटीत ओळीने मांडतात, प्रत्येक मीटरला मार्करने खोली लिहितात. साधारण ५४ मिलिमीटर जाडीच्या या कांड्यांपैकी १० सेंटिमीटरहून लांब तुकडे किती, हे मोजून दगडाची प्रत ठरवतात. अखंड लांब कांड्या आल्या तर सगळे खूश. मधेच तांबडा, चुरा झालेला तुकडा आला की इंजिनिअर थबकतो.

थबकायलाच हवे. सपाट थरांच्या मुलखात एका बोअरवरून शेजारच्या बोअरचा अंदाज बांधता येतो. इथे थर कललेले आहेत. ३० अंशांच्या उतारावर पश्चिमेकडे फक्त ५० मीटर सरकले तर तोच तांबडा पट्टा जवळजवळ २९ मीटर खोल गेलेला असतो. एका कोपऱ्यात ज्या खोलीवर ठणठणीत दगड लागला, त्याच खोलीवर दुसऱ्या कोपऱ्यात मऊ पट्टा लागू शकतो. त्यात भंगांनी ठोकळे वर-खाली केलेले. १२ जानेवारी २०२४ ला खुल्या झालेल्या अटल सेतूचे खांब याच मुलखात उभे आहेत. २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर पाण्यावर, आणि खाली आधार चिखलापलीकडच्या कातळाचा.

डोंगराच्या बाजूला तोच उतार वेगळे रूप घेतो. पारसिकचा पश्चिमेकडचा उतार आणि थरांचा कल एकाच दिशेला आहेत. थर मुळातच खाली घसरायच्या तयारीत असतो, त्याला अडवून धरतो तो पायथ्याचा दगड. खाणीने किंवा रस्त्याने पायथा कापला की हा आधार जातो. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, तांबड्या पट्ट्यावर अडते, त्याला निसरडे करते. मग वरचा ठोकळा सुटायला एक जोरदार सर पुरते. डोंगराच्या पश्चिम अंगाला पायथा खणण्याची परवानगी देताना थरांचा कल आधी मोजलाच पाहिजे. होकायंत्र आणि उतारमापक घेऊन एका दिवसात होणारे काम आहे हे.

आणि खाणी थांबल्या तरी डोंगर फोडायचे थांबलेले नाही. पनवेलजवळच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट केली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि टेकडीच्याच दगडाने आजूबाजूची दलदल भरली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये, बुलेट ट्रेनच्या घणसोली ते शिळफाटा या सुमारे ४.९ किलोमीटरच्या बोगद्याची दोन टोके मिळाली. तो पारसिकच्या पोटातूनच जातो. अशा बोगद्यात प्रत्येक सुरुंगानंतर, काँक्रीटचा फवारा मारण्याआधी, भूशास्त्रज्ञ समोरच्या ताज्या कातळाचे चित्र काढतो: थराचा उतार, भेगांची दिशा, पाणी कुठून ठिबकते. पुढच्या काही तासांत ते सगळे कायमचे झाकले जाते. पारसिकच्या आतला कातळ इतक्या सलगपणे यापूर्वी कधीच उघडा पडला नसेल. या नोंदी सुरक्षिततेपुरत्या वापरून कपाटात न ठेवता अभ्यासकांना खुल्या कराव्यात. उलव्याच्या टेकडीचा पुरावा तर आता धावपट्टीखाली खडी होऊन पसरला आहे. पारसिकची एक तरी बंद खाण, उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीसह, भराव न टाकता राखून ठेवायला काय हरकत आहे? शाळेतल्या मुलांना तिथे उभे करून तांबड्या पट्ट्याचा उतार कोनमापकाने मोजायला लावता येईल.

खंड फाटतानाच्या त्या ताणाचे परिणाम समुद्राखालीही चालू राहिले. खाली बसलेल्या काठावर सह्याद्रीतून आणि उत्तरेकडच्या नद्यांतून आलेला गाळ कोट्यवधी वर्षे साठत गेला. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले ते याच बसलेल्या काठावर. तिथला वायू आणि तेल ज्या ठिकाणी किनाऱ्याला येते ते उरण, म्हणजे भंगांनी तुटलेल्या त्याच ठोकळ्यांवर.

आणि भेगा अजून पुऱ्या निजलेल्या नाहीत. पनवेल पट्ट्याखाली लहान लहान भूकंपांची नोंद उपकरणांवर होते. बहुतेक इतके सौम्य की कुणाला जाणवत नाहीत, पण खालचे भंग सरकतात हे त्यातून कळते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि पुढे दक्षिण कोकणात राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे किनाऱ्याला समांतर ओळीने येतात. खाली ज्वालामुखी धुमसत असल्यामुळे ते गरम आहेत, ही समजूत चुकीची. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली उतरते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

एक गाठ मात्र अजून पुरती सुटलेली नाही. कवच ताणले की ते पातळ व्हायला हवे. पण भूकंपलहरींवरून या भागातल्या कवचाची जाडी काढली तर ती ४१ किलोमीटरपर्यंत भरते, म्हणजे न ताणलेल्या खंडाइतकी. समंत, शेठ आणि सहकाऱ्यांचे उत्तर असे की ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला नाही. एकाच तिरप्या, पूर्वेकडे उतरणाऱ्या मोठ्या घसरणीच्या पातळीवर कवच फाटले असावे. वरचा भाग तुटून कलला, तो पारसिक-उरणमध्ये दिसतो. कवच खरोखर पातळ झाले ते दुसरीकडे. घारापुरीच्या दोन भेगा पूर्वेकडे उतरतात, उरणचे थर पश्चिमेकडे कलतात. या चित्राशी दोन्ही जुळतात.